कुलपाचा वर्ग

मे लागला तरी सुपीरियर सरोवरावर
बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटतायत,
फुटक्या बशांसारखे.
हायस्कूलने मोडीत काढलेल्या सामानातून
मी सहा लॉकर उचलले, पिकअपमध्ये आडवे टाकले
आणि आमच्या बॉयलरच्या खोलीबाहेर
भिंतीला ठोकून उभे केले.
हेडबाईंना विचारलं नाही.
विचारलं की कमिटी बसते.

मी आर्विड केस्किटालो.
झाडू, पोछा, बॉयलर, बर्फ उपसणं.
शिकवणं माझ्या करारात नाही.

पण एकोणीस वर्षं बघतोय,
आमच्याकडून आठवी करून गेलेली पोरं
नाताळपर्यंत सगळी पुस्तकं पाठीवर वागवतात.
पाठीला बाक आलेला, पट्टा तुटायला टेकलेला.
का, तर लॉकरचं कुलूप उघडत नाही
आणि कुणाला विचारायची लाज वाटते.
एवढंच. कुणी सांगत नाही, पण एवढंच.

म्हणून जेवणाच्या सुटीत वर्ग.
उजवीकडे तीन वळसे, चौदावर थांब.
आता डावीकडे. चौदा पुन्हा येईल, जाऊ दे त्याला,
मग एकतीस.
उजवीकडे सरळ सात. ओढ.
नाही उघडलं?
पुन्हा पहिल्यापासून.
कुलूप चिडत नाही, आणि घरी चिठ्ठीही पाठवत नाही.

ब्रॉक लेहतोने दाराला गुद्दा घातला.
घाल बाबा, म्हटलं, तुझ्याआधीचे सतरा पोचे आहेत तिथे,
एकानेही दार उघडलेलं नाही.
ओडेटला एकतीस सापडेना,
तिला डोळ्यांचा नंबर लागलाय हे त्या दिवशी कळलं.
प्रश्न मात्र कुलपाचे नव्हतेच.
दोन तासांमध्ये खरंच चारच मिनिटं असतात?
चुकीच्या वर्गात बसलो तर उठता येतं?
बारावीच्या मुलांना दाढी असते, हे खरं?
असते, म्हटलं. कामाला येत नाही. उठता येतं.
मीही एकदा भूमितीऐवजी
मुलींच्या शिवणवर्गात अर्धा तास बसलो होतो.
काज करायला शिकलो.

नेव्हा कडोट शेवटी यायची, सगळे पांगल्यावर.
तिचं कुलूप पहिल्याच दिवशी उघडलं होतं.
ती चौथ्या लॉकरमध्ये डोकं घालून बघत राहायची.
दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी
टोकदार काहीतरी घेऊन दिवस मोजलेत:
चार उभ्या रेघा, एक आडवी,
अशा अकरा जुड्या. मग कोरा पत्रा.

पंचावन्नाव्या दिवशी काय झालं, तिने विचारलं.

हरणांची शिकार सुरू झाली, मी म्हणालो.
शाळेला सुट्टी लागली. मग सुट्टी संपली.

आणि तो?

लाकूडतोडीच्या ट्रकवर पैसे बरे मिळायचे.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मी पोछा पिळला, पिळलेलाच पुन्हा पिळला.
तुम्हाला कसं माहीत, हे तिने विचारलं नाही.
त्या वयात इतकं शहाणपण कुठून येतं, कोण जाणे.

जेवायला कुठे बसायचं ते कसं ठरतं? हे तिने विचारलं,
दाराकडे बघत, जसं काही दारालाच.
मला माहीत नाही, म्हटलं.
मी लॉकरशीच उभा राहून खायचो. तसं करू नकोस.
पहिल्या दिवशी कुठेही बस.
दुसऱ्या दिवशी तिथेच बस.
बाकीचं आपोआप होतं का, ते मला विचारू नकोस,
मी पंचावन्नपर्यंतच गेलोय.

घंटा झाली. ती दप्तर घेऊन धावली,
अर्ध्यातून परत आली,
चौदा, एकतीस, सात,
कानावरची पेन्सिल काढून दाराच्या आत काहीतरी केलं,
दार लावलं, गेली.

संध्याकाळी बघितलं.
कोऱ्या पत्र्यावर एक उभी रेघ,
फिकट, बोट लागलं तरी जाईल अशी.
छप्पन्न.

मी पुसली नाही.
पुसणं तर माझ्या करारात आहे.